टपालाने आलेले मानसशास्त्र

नाशिक शहरातून गंगापूर धरणाच्या दिशेने निघाले की गोवर्धन गावाजवळ एका विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर लागतो. इमारती आहेत, झाडे आहेत, कचेऱ्यांत लगबगही आहे. पण तासाची घंटा होऊन वर्गातून मुले बाहेर पडताहेत, हे विद्यापीठाचे नेहमीचे दृश्य इथे दिसत नाही. इथले विद्यार्थी इथे राहतच नाहीत. ते सुरगाण्याच्या आश्रमशाळेत शिकवत असतात, मालेगावात यंत्रमागावर उभे असतात, किंवा दूर गडचिरोलीत तलाठ्याच्या कचेरीत बसलेले असतात. त्यांच्याकडे विद्यापीठ जाते ते पुस्तकांच्या पुडक्यातून. १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ब्रीदच आहे, 'ज्ञानगंगा घरोघरी'. (चव्हाणांचे नाव नाशिकला देणे तसे उचितच होते. संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यावर १९६३ साली ते लोकसभेत गेले ते नाशिकमधून, आणि तेही बिनविरोध.)

या विद्यापीठाची आठवण व्हायचे कारण एक प्रश्न. शिक्षकांच्या शिबिरांत तो आम्हांला हमखास विचारला जातो. विचारणारे बहुधा गणिताचे, विज्ञानाचे किंवा मराठीचे पदवीधर असतात. वर्गात एखादा मुलगा असतो, तोंडी सगळे चोख सांगणारा, पण वाचायला दिले की अडणारा. एखादी मुलगी सहावीपर्यंत बडबडी असते आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर गप्पच होऊन येते. बी.एड.ला शिकलेले मानसशास्त्र अशा वेळी अपुरे वाटू लागते. मग प्रश्न येतो: 'नोकरी न सोडता, घरी अभ्यास करून, मानसशास्त्रात एम.ए. करता येईल का? आमचा पदवीचा विषय तर वेगळाच आहे.'

बरीच वर्षे या प्रश्नाला सरळ उत्तर होते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २०१०च्या सुमारास मानसशास्त्राची एम.ए. सुरू केली. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तिला प्रवेश होता. पहिल्या वर्षी प्रात्यक्षिके, दुसऱ्या वर्षी प्रकल्प आणि एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम, अशी तिची रचना होती. ब्रिटनमध्ये अशा वाटेला स्वतंत्र नावच आहे. दुसऱ्या विषयाच्या पदवीधराला वर्ष-दोन वर्षांत मानसशास्त्राच्या मुख्य रस्त्यावर आणून सोडणारी ती पदवी. आपल्याकडे लोक नुसते 'विषय बदलून एम.ए.' म्हणतात. 'विषयांतराची एम.ए.' असेही म्हणता आले असते, पण मराठी शिक्षकांनी निबंधातले विषयांतर इतके लाल शाईने खोडले आहे की तो शब्द आता चांगल्या अर्थाने वापरवत नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये हे उत्तर बदलले. विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवले की, आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांसाठी संसदेने २०२१ साली केलेल्या कायद्याखाली येणारे विषय, आणि त्यांत मानसशास्त्राचे नाव स्पष्टपणे घेतले होते, २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवता येणार नाहीत. भूमिका अशी की, ज्या शिक्षणातून माणसांवर उपचार करणारे लोक तयार होतात, ते समोरासमोरच व्हायला हवे.

मानसशास्त्र टपालाने शिकता येते की नाही, हा वाद आज सुरू झालेला नाही. या शास्त्राचा इतिहास उघडून पाहिला तर एक गंमत दिसते. त्याचे अनेक आद्य पुरुष विषय बदलूनच आले होते, आणि त्यांतले काही तर गुरूपासून फार दूर बसून शिकले होते.

आपल्या परिचयाच्या बुद्धिमापन चाचणीपासूनच सुरुवात करू. आल्फ्रेड बिने हा फ्रेंच गृहस्थ शिक्षणाने वकील. १८७८ साली त्याने कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत मन रमेना. मग तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसू लागला आणि मानसशास्त्रावरचे मिळेल ते वाचू लागला. वर्ग नाही, शिक्षक नाही, परीक्षा नाही. पुढे १८८३ साली त्याला साल्पेत्रिएर या प्रसिद्ध रुग्णालयात शार्को या त्या काळच्या सर्वांत नामांकित मेंदुतज्ज्ञाच्या हाताखाली काम करण्याची संधी मिळाली. म्हणजे आता खरे शिक्षण सुरू झाले, असे कोणालाही वाटेल. घडले उलटेच. बिने आणि त्याचा सहकारी फेरे यांनी जाहीर केले की, संमोहित रुग्णाजवळ लोहचुंबक नेला की त्याच्या उजव्या हाताची लुळेपणाची लक्षणे डाव्या हातात जातात! बेल्जियमचा डेलबफ नावाचा प्राध्यापक हे पाहायला मुद्दाम पॅरिसला आला. त्याने पाहिले तो काय, प्रयोग करणारे रुग्णासमोरच मोठ्याने बोलत होते आणि चुंबकही उघडउघड दाखवत होते. पुढे काय व्हायला हवे ते रुग्णाला आधीच कळत होते. डेलबफने घरी परतून काळजीपूर्वक प्रयोग केले आणि चुंबकाचा प्रभाव नाहीसा झाला. बिने आधी चिडला, नंतर त्याने चूक मान्य केली.

त्यानंतर त्याने जे उत्तम काम केले त्याची प्रयोगशाळा होती त्याचे घर. मादलेन आणि आलीस या आपल्या दोन मुलींचे निरीक्षण त्याने वर्षानुवर्षे केले. एक सावध, विचार करून पाऊल टाकणारी, दुसरी चंचल. एकाच घरात वाढलेल्या दोन मुली इतक्या वेगळ्या रीतीने विचार करतात, हे पाहून त्याला बुद्धीच्या भिन्नतेचा प्रश्न सुचत गेला. शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी सिमाँ या डॉक्टरच्या साहाय्याने त्याने १९०५ साली जी चाचणी तयार केली तिचे मूळ इथे आहे. तीच चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला कानडी आणि मराठी मुलांसाठी बदलून घेतली. त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले, आणि 'बिने-कामत चाचणी' हे नाव आजही मुलाच्या तपासणीच्या कागदावर आढळते.

बिनेची ही कथा दूरशिक्षणाच्या बाजूने की विरुद्ध, हे आम्हांला नीटसे ठरवता आलेले नाही. त्याला फसवले ते ग्रंथालयाने नव्हे, समोर बसलेल्या थोर गुरूने. पण त्याची चूक उघड झाली तीही कोणीतरी येऊन, शेजारी उभे राहून पाहिले म्हणून.

दुसरी कथा आपल्या देशातली आहे, आणि तिच्यात टपालखात्याचे काम अक्षरशः मोठे आहे. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा पदव्युत्तर विभाग उघडला. तो चालवण्यासाठी आले नरेंद्रनाथ सेनगुप्ता, हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकलेले. या नव्या विभागाच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत एक तिशीचे डॉक्टर होते, गिरींद्रशेखर बोस. त्यांनी १९१० साली वैद्यकाची पदवी घेतली होती. दवाखाना जोरात चालला होता. तो चालवत चालवत त्यांनी १९१७ साली मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आणि तिथेच शिकवूही लागले. (त्यांचे बंधू राजशेखर रसायनशास्त्रज्ञ, पण बंगाली वाचक त्यांना ओळखतो तो 'परशुराम' या नावाने विनोदी कथा लिहिणारे म्हणून. विषय बदलण्याची त्या घराला सवयच असावी.)

दडपलेल्या इच्छांविषयी बोस यांनी प्रबंध लिहिला, १९२१ साली त्यावर डी.एस्सी. मिळवली, आणि त्याची छापील प्रत व्हिएन्नाला सिग्मंड फ्रॉइडना पाठवून दिली. त्याच वर्षी फ्रॉइडचे उत्तर आले. इतक्या दूरच्या देशात आपल्या विचाराला वाचक भेटला याचे त्यांना आश्चर्य वाटले होते. तिथून पुढे १९३७पर्यंत हा पत्रव्यवहार चालला. दोघे एकदाही भेटले नाहीत. १९२२ साली बोस यांच्या पारशीबागान गल्लीतल्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली आणि आंतरराष्ट्रीय संस्थेने तिला मान्यताही दिली.

आता यातली अडचण पाहा. मनोविश्लेषक होणाऱ्याने आधी स्वतःचे विश्लेषण दुसऱ्या विश्लेषकाकडून करून घ्यावे, असा त्या शास्त्राचा दंडक पुढे पक्का झाला. भारतातल्या पहिल्या मनोविश्लेषकाचे विश्लेषण कोण करणार? बोस यांनी ते स्वतःच केले. अंतराचे परिणाम किरकोळ गोष्टींतही दिसत. बोस यांच्या एका चित्रकार मित्राने फ्रॉइडना न पाहता, केवळ त्यांच्या लेखनावरून, त्यांचे चित्र काढले. ते व्हिएन्नाला गेले, तेव्हा आपण त्यात अगदी इंग्रज दिसतो, असे फ्रॉइडनी एका मैत्रिणीला कळवले. पण या अंतराचा लाभही झाला. आपल्या बंगाली रुग्णांत ईडिपस गंड युरोपातल्यासारखा दिसत नाही, असे बोस यांनी फ्रॉइडना स्पष्ट लिहिले. फ्रॉइडना ते पटले नाही. व्हिएन्नात समोर बसून शिकलेल्या कोणा शिष्याने इतक्या शांतपणे असे लिहिले असते का, असे आम्हांला राहून राहून वाटते.

बोस काही दूरशिक्षणाचे विद्यार्थी नव्हते. ते स्वतः कर्ते पुरुष होते. सामान्य नोकरदाराला टपालाने पदवी मिळायला बराच काळ जावा लागला. टपालाने शिकवणे मात्र जुने. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि लगेच आयझॅक पिटमनने आपली लघुलिपी लहान कार्डांवरून शिकवायला सुरुवात केली. शिष्याने उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचा, गुरूने दुरुस्त करून परत करायचा. अंतराकडे न पाहता केवळ वजनावर दर आकारण्याची पद्धत हिंदुस्थानात १८५४ साली आली. अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र कुठेही जाऊ लागले. तरीही विद्यापीठ आपल्याकडे टपालपेटीत शिरले ते थेट १९६२ साली. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या समितीच्या शिफारशीवरून दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा बी.ए. सुरू केली. मग एकामागून एक विद्यापीठांनी पत्रद्वारा विभाग काढले. पुष्कळ ठिकाणी त्यांचे रूप एकच होते: वर्गातल्या टिपणांच्या चक्रमुद्रित प्रती पाठवायच्या आणि मार्चमध्ये परीक्षा घ्यायची.

खरा फरक पडला तो ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने. १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने जानेवारी १९७१मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांसह शिकवायला सुरुवात केली. प्रवेशाला आधीची पात्रता नाही. पुस्तके अशी लिहिलेली की वाचणाऱ्याला मध्येच थांबवून प्रश्न विचारतील. रेडिओ-दूरचित्रवाणीवर पाठ. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरी प्रयोगसाहित्याची पेटी यायची, तिच्यात सूक्ष्मदर्शकसुद्धा. आणि उन्हाळ्यात आठवडाभर एखाद्या विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायचे, तिथे प्रयोग करायचे, वाद घालायचे. ज्या गोष्टी टपालाने जाणार नाहीत त्या त्यांनी आधीच वेगळ्या काढल्या आणि त्यांच्यासाठी माणसांना एकत्र आणले.

आपल्याकडे १९८२ साली आंध्र प्रदेशात पहिले मुक्त विद्यापीठ झाले, १९८५ साली दिल्लीचे राष्ट्रीय, १९८७ साली कोटा आणि नालंदा, आणि मग नाशिकचे. नाशिकचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९७८ ते १९८४ या काळात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. नाशिकनंतर राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही झाले. २०२३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या विद्यापीठाने पुस्तके मराठीत लिहून घेतली, ही गोष्ट आज साधी वाटते, पण दूर राहून एकट्याने शिकणाऱ्याला भाषेचाच आधार असतो. शाळेत न गेलेल्या प्रौढालाही पूर्वतयारीच्या शिक्षणक्रमातून पदवीपर्यंत येण्याची वाट त्यांनी ठेवली. फळबाग, भाजीपाला असे शेतीचे शिक्षणक्रम काढले. यात शेतकरी विद्यार्थ्याची एक जमेची बाजू होती, प्रयोगशाळा त्याच्या दारातच होती.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते सेवेतल्या शिक्षकांसाठीचे बी.एड. या वाटेने शैक्षणिक मानसशास्त्राचे मराठी पुस्तक खेडोपाडीच्या शिक्षकांच्या घरी पोचले. त्या काळात देशभर पत्रद्वारा बी.एड.चा बाजार झाला होता. शाळेत पाऊल न टाकलेले लोक पदवी घेऊन शिक्षक होत होते. १९९५ साली कामाला लागलेल्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने त्याला वेसण घातली. पण दार बंद केले नाही. दूरशिक्षणाने बी.एड. फक्त सेवेतल्या शिक्षकाला, संपर्कसत्रे सक्तीची, सराव पाठ खऱ्या वर्गात मार्गदर्शकासमोर, अशा अटी घातल्या. शेतकऱ्याला शेत, तसा शिक्षकाला वर्ग; सरावाची जागा त्याच्याजवळ आधीच होती, म्हणून ही तडजोड निभावली.

मानसशास्त्राला ही तडजोड लागू पडते का? याचे उत्तर विषयाच्या पोटात शिरल्याशिवाय मिळणार नाही, कारण मानसशास्त्र नावाच्या एका पदवीत दोन वेगळी शिक्षणे आहेत.

त्यांतले पहिले प्रयोगाचे. स्मरणशक्तीवरचे पहिले शास्त्रीय प्रयोग हर्मान एबिंगहाउसने केले ते एकट्याने. प्रयोग करणाराही तोच आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तोही तोच. 'टुख', 'झेम', 'गोफ' यांसारखी निरर्थक अक्षरे पाठ करायची, काही काळाने पुन्हा पाठ करायची, आणि दुसऱ्या वेळी किती वेळ वाचला ते मोजायचे. १८८५ साली त्याने आकडे प्रसिद्ध केले. वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के वेळ वाचे, एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के, आणि एक महिन्यानंतरही सुमारे २१ टक्के. म्हणजे विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग मंदावते. हा प्रयोग नववीच्या वर्गात दोन तासिकांत होतो. अक्षरांच्या दोन याद्या, एक घड्याळ आणि वही एवढेच साहित्य लागते. तसेच आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे. टेबलावर आरसा उभा करा, हात आणि कागद यांवर पुठ्ठ्याचा आडोसा धरा, आणि केवळ आरशात पाहत चांदणीच्या कडेवरून पेन्सिल फिरवा. पहिल्या खेपेला हात जागच्या जागी थिजतो. दहाव्या खेपेला सहज वळतो. लागलेला वेळ आणि चुका यांचा आलेख काढला की शिकण्याची वक्ररेषा डोळ्यांसमोर उभी राहते. हे सगळे आणि त्यामागचे संख्याशास्त्र चांगल्या पुस्तकातून, पत्रातून, संपर्कसत्रातून उत्तम शिकता येते. शिक्षकाला तर चाळीस विद्यार्थ्यांचा वर्ग हाताशी असतो.

दुसरे शिक्षण आहे ते दुःखात असलेल्या माणसासमोर बसण्याचे. ती गप्प झालेली मुलगी तुमच्यासमोर बसली आहे. तुम्ही काय विचाराल? त्याहून महत्त्वाचे, काय विचारणार नाही? ती रडू लागली तर? तिने जे सांगितले ते घरी कळवायचे की नाही? इथे चूक झाली तर ती लाल शाईने खोडता येत नाही. बिनेसारखे आपणच नकळत उत्तर सुचवून बसतो, आणि शेजारी डेलबफ नसेल तर ते आपल्याला कधी कळतही नाही. म्हणून चिकित्सक मानसशास्त्रज्ञ व्हायला भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत, अनुभवी माणसाच्या नजरेखाली रुग्ण पाहावे लागतात. घरबसल्या एम.ए. करून तो परवाना मिळत नव्हताच. हे ठाऊक नसलेल्यांनी दोन वर्षांचे शुल्क भरले, नंतर दारावर पाटी लावली, हेही घडले आहे. या दुसऱ्या शिक्षणापुरता २०२५चा निर्णय आम्हांला योग्य वाटतो.

पण त्या निर्णयाने पहिल्या शिक्षणाचे दारही त्याच कडीने लावले. वर्गातल्या मुलाला शब्द का वाचता येत नाहीत हे समजून घेऊ पाहणाऱ्या गणिताच्या शिक्षिकेला उपचार करायचे नसतात. आपली मर्यादा कुठे संपते आणि मुलाला कोणाकडे पाठवायचे, एवढेच तिला नीट कळून हवे असते. बी.एड.च्या वेळी कोणासाठी, कशासाठी आणि कोणत्या अटीवर असे तीन प्रश्न विचारले गेले होते. तेच इथेही विचारता आले असते. पदवीची दोन नावे ठेवता आली असती, एक अभ्यासाची आणि एक व्यवसायाची.

तूर्त, शिबिरात प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकांना आम्ही एवढेच सांगतो: प्रवेश घेण्यापूर्वी त्या सत्राची आयोगाची मान्यतेची यादी स्वतः पाहा, जाहिरातीवर जाऊ नका, आणि ज्यांना जमेल त्यांनी नियमित महाविद्यालयात नाव घाला. यावर मागे बसलेला कोणीतरी हात वर करतो. सुरगाणा ते नाशिक अंतर सुमारे नव्वद किलोमीटर आहे, आणि शाळा पाचला सुटते.